पेशंटचा फोटो नोंदीत ठेवायचाय, पण कसा? (छोटा दवाखाना, चार संगणक)

नोंदवही

नमस्कार मंडळी,

आमचा दवाखाना लहान आहे. दोन डॉक्टर, एक सिस्टर, काउंटरवर एक मुलगी आणि मी. मी म्हणजे बिलं, विम्याचे कागद, लॅबचे रिपोर्ट चढवणं, आणि प्रिंटर अडला की प्रिंटरसुद्धा. कागदी केसपेपर केव्हाच बंद झाले, सगळं संगणकावर आहे. चार संगणक आपापसांत जोडलेले, त्यातल्याच एकाला सर्व्हर केलंय, सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडतं.

मोठ्या डॉक्टरांनी आता फर्मान काढलंय की प्रत्येक पेशंटच्या नोंदीत चेहऱ्याचा फोटो हवा. फर्मानाला कारण आहे. आमच्याकडे एक काका-पुतण्या येतात. नाव एक, आडनाव एक, घर एक, दिलेला फोन नंबरही एकच. दोघांनाही ब्लडप्रेशर. काउंटरवर नाव टाकलं की यादीत एकाखाली एक येतात आणि घाईत वरच्यावर क्लिक होतं. मागे काकांचा किडनीचा रिपोर्ट पुतण्याच्या नोंदीत चढला होता. सिस्टर चाणाक्ष. क्रिएटिनिनचा आकडा त्या तरुण माणसाचा वाटेना म्हणून तिने जन्मतारीख ताडून पाहिली. त्या वेळी निभावलं.

सॉफ्टवेअरमध्ये नोंदणीच्या पानावर फोटोची चौकट आहे, आजवर रिकामीच होती. तिथे दोन बटणं आहेत: एक फाईल निवडायचं, दुसरं कॅमेऱ्याचं. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "हवा तसा टाका, काही बंधन नाही." हे ऐकून मला जास्तच धास्ती वाटली.

काउंटरवरच्या मुलीचं म्हणणं, दिवसभर फोनवर फोटो काढते आणि गर्दी ओसरली की संध्याकाळी एकगठ्ठा चढवते. धाकटे डॉक्टर म्हणतात वेबकॅम घेऊ. शिवाय त्यांना जखमांचे, पुरळांचे फोटोही तिथेच टाकायचेत. सर्व्हरची डिस्क काही फार मोठी नाही. आणि लोकांना फोटो काढलेला आवडेल का, नाही म्हणाले तर काय, हा माझा स्वतःचा प्रश्न. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. पुस्तकी उत्तर नको.

अर्धविराम

नोंदवही ताई, दवाखान्यांची सॉफ्टवेअर बांधण्यात आणि नंतर ती निस्तरण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याशी थबकलो: दिवसभर फोनवर काढायचे आणि संध्याकाळी एकगठ्ठा चढवायचे. हे सोडून बाकी काहीही करा.

फोटो नसलेली नोंद उघडताना माणूस जरा सावध असतो. नाव विचारतो, जन्मतारीख विचारतो. फोटो दिसला की डोळे त्यावर विसंबतात आणि विचारणं थांबतं. म्हणजे चुकीचा फोटो हा फोटो नसण्यापेक्षा वाईट. आता संध्याकाळचं चित्र डोळ्यांपुढे आणा. फोनमध्ये दिवसभराचे चेहरे, फाईलींच्या नावांत नुसते आकडे, आणि कोणता चेहरा कोणाचा हे त्या मुलीच्या आठवणीवर. ज्या काका-पुतण्यासाठी हा खटाटोप, नेमके त्यांचेच फोटो उलटसुलट लागायचे. नाव सारखं, तोंडवळाही घराण्याचा. आणि एकदा उलटे लागले की पुढे प्रत्येक जण त्या चुकीवर विश्वास ठेवणार.

म्हणून माझा नियम असा. पेशंट समोर, त्याची नोंद उघडलेली, जन्मतारीख त्याच्याच तोंडून ऐकलेली, मग कॅमेरा, आणि फोटो सरळ त्या नोंदीत. मधे कुठलाही थांबा नाही. फोन नाही, डेस्कटॉपवरचं फोल्डर नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच. धाकट्या डॉक्टरांचा वेबकॅम बरोबर आहे, आणि तो काउंटरच्या संगणकालाच जोडा.

जागेची काळजी सोडा. ओळखीच्या फोटोला ६४० बाय ४८० पिक्सेल भरपूर झाले. मध्यम दर्जाचा जेपीईजी केला तर असा फोटो साधारण ५० ते १०० केबीत बसतो. ८० केबी धरा, १०,००० पेशंट म्हणजे ८०० एमबी. पेनड्राइव्हवर मावेल. तोच फोटो फोनवरून जसाच्या तसा आला तर तीन-चार एमबी, म्हणजे ३० ते ४० जीबी, आणि वर नोंद उघडताना प्रत्येक वेळी गाडी अडखळणार. तेव्हा आत येतानाच फोटो लहान करून घेतला जातो का, हे सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. "बंधन नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "आम्ही काहीच तपासत नाही" असा असतो.

फोनच्या फोटोंची आणखी एक गंमत. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो, सोबत फक्त "दाखवताना वळवा" अशी खूण. ती खूण न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस कुशीवर झोपलेला दिसतो. त्याच खुणांच्या गठ्ठ्यात फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, ते नोंदीत कशाला हवेत? आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, मुळात एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये फोटो ठेवतो, तो सफारी सोडून इतर ब्राउझरांत बहुधा उघडतच नाही. कधी नाइलाजाने फोनचा फोटो घ्यावाच लागला तर सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल करून ठेवा. वेबकॅमला यातलं काहीच लागत नाही.

फोटो डेटाबेसच्या पोटात ठेवायचे की वेगळ्या फोल्डरात, यावर आमच्या धंद्यात हाणामाऱ्या होतात. तुमच्या आकाराला दोन्ही चालेल. मात्र फोल्डर असेल तर तीन गोष्टी बघा. एक, रोजच्या बॅकअपमध्ये ते फोल्डर आहे का. डेटाबेसचा बॅकअप नेमाने होतो आणि फोटो कुठेच नाहीत, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. दोन, फाईलचं नाव पेशंटचं नाव किंवा फोन नंबर नसावं. तीन, आणि ही आत्ता करून बघण्यासारखी: एखाद्या फोटोवर उजवं क्लिक करून त्याचा पत्ता कॉपी करा, सॉफ्टवेअरमधून लॉगआउट व्हा, आणि तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. चेहरा दिसला तर त्या दिवशी दुसरं काही करू नका, आधी फोन करा.

काउंटरपलीकडून

मी तुमच्या त्या मुलीच्या खुर्चीत बसते, म्हणून तिच्या बाजूने बोलते. तिला एकगठ्ठा का हवंय ते कळतंय मला. समोर रांग असते, फोन वाजत असतो, त्यात तुम्ही तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकताय. तर वेबकॅम आधी नीट बसवा, म्हणजे फोटो नाव लिहून होईपर्यंत उरकतो.

सगळ्यांचं चुकतं ते उजेडात. पेशंटच्या पाठीमागे खिडकी किंवा काचेचं दार असलं की चेहरा काळा पडतो, मागचं झाड तेवढं छान येतं. आमच्याकडे कॅमेरा आधी असाच होता. मग काउंटरच्या बाजूला साधी भिंत होती, तिच्यापुढे लोकांना उभं करायला लागलो आणि दिवा आमच्या बाजूने लावला. कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर खिळवू नका. वरखाली वाकणाऱ्या दांडीवर घ्या. लहान मूल, व्हीलचेअरवरचे आजोबा आणि उंच माणूस, तिघांच्या डोळ्यांच्या रेषेत तो यायला हवा. वरून काढलेल्या फोटोत नुसतं कपाळ ओळखू येतं.

विचारायचं कसं, तर कारण आधी आणि फोटो नंतर. मी म्हणते, "तुमच्या नावाचे आणखी पेशंट आहेत, नोंदी एकमेकांत जाऊ नयेत म्हणून चेहऱ्याचा फोटो ठेवतो. चालेल ना?" हे ऐकल्यावर बहुतेक लोक केस सारखे करायला लागतात. "नियम आहे, इकडे बघा" म्हटलं तर तेच लोक आखडतात. काढल्यावर स्क्रीन वळवून दाखवते. बायका हमखास दुसरा काढायला लावतात. काढते, दोन सेकंदांचं काम.

नाही म्हणणारेही असतात. वाद घालायचा नाही, तोंड पाडायचं नाही, उपचार तसेच. फक्त नोंदीत "फोटो नको" अशी खूण हवी, नाहीतर तोच प्रश्न त्यांना प्रत्येक भेटीत ऐकावा लागतो आणि तिसऱ्यांदा ते चिडतात. डोक्यावरचा पदर, ओढणी, पगडी काढायला सांगू नका. चेहरा दिसला की झालं. मास्क मात्र क्षणभर खाली घ्यायला सांगते, आणि चष्म्यावर दिवा चमकत असेल तर मान थोडी वळवायला. रोज चष्मा लावणाऱ्याचा चष्मा काढू नका, मग डॉक्टरांनाच ओळखू येत नाही.

तापाने फणफणलेला, रडणारा, ओकारी दाबून बसलेला माणूस आला तर फोटो पुढच्या वेळी. आणि फोटोखाली काढल्याची तारीख दिसू दे. तान्ह्या बाळाचा फोटो सहा महिन्यांत निरुपयोगी होतो. लहान मुलांचा आम्ही दरवर्षी नवा घेतो, मोठ्यांचा दाढी-केस-वजन असं काही बदललं की. जुळी असतील तर फोटोचा उपयोग नाही. तिथे नोंदीवर लाल अक्षरांत "जुळं भावंड आहे" हेच लिहून ठेवलंय.

शंकेखोर

सगळे वेबकॅमच्या दांडीपर्यंत पोचले म्हणून मूळ मुद्दा विचारतो. नोंदवहीबाईंनी सांगितलेली चूक रिपोर्ट चढवतानाची आहे. रिपोर्ट चढवताना पेशंट समोर नसतो! तेव्हा नोंदीत फोटो असता तरी तो ताडायचा कशाशी? लॅबच्या कागदावर काही चेहरा छापलेला नसतो. त्या चुकीला औषध वेगळं आहे: लॅबला पाठवतानाच कागदावर नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख जाऊ द्या, आणि परत आल्यावर दोन्ही जुळल्याशिवाय चढवू नका. नाव जुळलं एवढ्यावर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय काढले, त्यात पेशंटची ओळख पटवणं हा एक आहे, आणि तिथेही किमान दोन ओळखखुणा सांगितल्यात.

मग फोटो घेऊन नेमकं मिळतं काय? चेहरे साठवायचे म्हणजे जोखीम साठवायची. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलत नाही. अमेरिकेतल्या हिपा या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांमध्ये माहितीतून ओळख पुसायची असेल तर काढून टाकायच्या १८ गोष्टींची यादी आहे, त्यात पूर्ण चेहऱ्याचा फोटो आहे. म्हणजे हे प्रकरण नाव-पत्त्याइतकंच गंभीर. तुमच्याकडे कायदा कोणता लागू आहे ते पाहून, लेखी संमती घेऊन मगच पुढे जा.

अर्धविराम

शंकेखोर, रिपोर्टचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि माझ्या नजरेतून सुटला होता. ताई, तेवढं आजपासूनच करा, त्याला कॅमेरा लागत नाही. यादीत सारखं नाव आलं की सॉफ्टवेअरने पिवळी पट्टी दाखवावी, ही मागणीही सोबत करून टाका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, कोणी चालू केलेली नसते.

पण फोटोचा उपयोग नाही असं नाही. तो दुसऱ्या जागी आहे: डॉक्टर एका नोंदीत लिहीत असताना मधे फोन येतो, दुसऱ्याचा रिपोर्ट बघायला दुसरी नोंद उघडली जाते, आणि परत येऊन समोर बसलेल्याचं औषध त्या दुसऱ्या नोंदीत लिहिलं जातं. तिथे कोपऱ्यातला चेहरा थांबवतो. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात याचं मोजमाप झालंय, २०२० मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सुमारे २५ लाख ऑर्डरी, म्हणजे डॉक्टरांनी संगणकावर दिलेल्या औषध-तपासण्यांच्या सूचना, तपासल्या. मोजायची युक्ती मला फार आवडली: डॉक्टरने एक ऑर्डर दिली, दहा मिनिटांत रद्द केली, आणि पुढच्या दहा मिनिटांत तीच ऑर्डर दुसऱ्या पेशंटला दिली, तर पहिली चुकीच्या नोंदीत गेली होती असं धरायचं. फोटो दिसत असलेल्या पेशंटच्या बाबतीत अशा चुकांची शक्यता ३५ टक्के कमी निघाली. त्याआधी २०१२ मध्ये कोलोरॅडोच्या मुलांच्या हॉस्पिटलचा अनुभव पीडिॲट्रिक्स या नियतकालिकात आला होता. ऑर्डर पक्की करायच्या आधी संगणकावर खात्री करून घेणारा एक पडदा, मधोमध मुलाचा फोटो. त्यानंतरच्या १५ महिन्यांत, फोटो असलेल्या एकाही मुलाच्या नोंदीत चुकीची ऑर्डर जाऊन भलतेच उपचार झाल्याची नोंद आली नाही. तिथे फोटो आणि तो थांबवणारा पडदा दोन्ही एकत्र आले, त्यामुळे सगळं श्रेय फोटोला देता येत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

यातून ताईंसाठी एक गोष्ट निघते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो फक्त नोंदणीच्या पानावर दिसतो का? तसं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. डॉक्टर त्या पानावर कधी जातच नाहीत. औषध लिहायच्या पानावर, वर, नाव-वय-ॲलर्जीच्या शेजारी तो कायम दिसायला हवा. आणि काउंटरच्या शोधयादीत प्रत्येक नावापुढे छोटा.

त्वचेपुरतं

धाकट्या डॉक्टरांच्या मागणीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. ओळखीचा फोटो आणि आजाराचा फोटो एकाच चौकटीत टाकू नका. पहिला एकच असतो, जुना झाला की बदलतो. दुसरे भेटीगणिक वाढत जातात आणि त्यातला एकही पुसायचा नसतो, कारण मागच्या महिन्याशी तुलना करण्यासाठीच तो काढलेला असतो. ओळखीचा फोटो काउंटरवर दिसायलाच हवा. मांडीवरच्या गळवाचा काउंटरवर अजिबात दिसू नये. म्हणजे परवानग्या वेगळ्या, जागा वेगळी. आजाराचा फोटो त्या दिवसाच्या तपासणीच्या नोंदीला चिकटलेला असावा, शेजारी "डावी पोटरी, बाहेरची बाजू" असं लिहिलेलं.

अर्धविरामांचं ६४० बाय ४८० इथे विसरा. मूळ फाईल पूर्ण आकारात ठेवा, कातरायची असेल तर प्रत कातरा.

काढायची पद्धत. आधी थोडं लांबून एक, म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळतं. मग जवळून. जवळच्या फोटोत सेंटिमीटरची कागदी पट्टी हवी, आणि ती जखमेच्या पातळीतच टेकवलेली. पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ धरली की जखम लहान दिसते, मग पुढच्या वेळी "वाढली" असं वाटतं. फार जवळ जाऊन फोनच्या वाइड लेन्सने काढू नका, मधला भाग फुगतो. थोडं मागे सरून झूम करा. पोर्ट्रेट मोड, ब्यूटी फिल्टर बंद. हे सांगावं लागतं, कारण काही फोन न विचारता त्वचा गुळगुळीत करतात आणि आमचा आजारच पुसून टाकतात. सावळ्या त्वचेवर लाली मुळातच कमी उठून दिसते, त्यात पिवळा दिवा असेल तर फोटोत ती गायबच होते. दर वेळी तोच दिवा, तीच खोली. उंचवटा दाखवायचा असेल तर उजेड बाजूने पाडा. पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने कधीच नाही. काही फोन चित्र आरशासारखं उलटं साठवतात, आणि डाव्या कानामागची गाठ उजव्या कानामागे जाते.

संमतीही एकच नसते. उपचारासाठी फोटो, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी, छापण्यासाठी, ही तीन वेगळी विचारणं आहेत आणि पहिल्याला होकार म्हणजे पुढच्या दोन्हींना होकार नव्हे. चेहरा दिसत नाही म्हणून ओळख लपली असंही समजू नका. गोंदण, जन्मखूण, अंगठी, एवढ्यावरून घरचे लोक ओळखतात.

नोंदवही

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

शंकेखोर, तुमचं वाचून मी खुर्चीतच सरळ बसले. लॅबच्या कागदावर आजवर फक्त नाव आणि वय जात होतं. आता नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख जाते. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे आधी कोणी का सांगितलं नाही?" त्यावर मी काही बोलले नाही.

अर्धविराम, लॉगआउट करून पत्ता टाकून बघितला. लॉगिनचं पान आलं, चेहरा नाही. सुटले. फोटो नोंदणीच्याच पानावर दिसतो हे मात्र तुम्ही अचूक ओळखलंत. औषधाच्या पानावर तो आणायची सोय सेटिंगमध्ये निघाली, चार पातळ्या आत.

वेबकॅम आला, दांडीही आली, भिंतही ठरली. आता नवीनच अडचण. कॅमेऱ्याचं बटण सर्व्हरवाल्या संगणकावर दाबलं तर कॅमेरा उघडतो. तोच कॅमेरा काउंटरच्या संगणकाला लावला की बटण दाबून काहीच होत नाही, ब्राउझर परवानगीसुद्धा विचारत नाही. कॅमेरा मात्र चांगला आहे, व्हिडिओ कॉलला चालतो. सॉफ्टवेअरवाले म्हणतात केबल बदला. दोन केबली बदलून झाल्या. मुलगी आता माझ्याकडे बघते आणि हळूच फोन वर करून दाखवते.

अर्धविराम

केबल बिचारी निर्दोष आहे. काउंटरवर सॉफ्टवेअर उघडताना पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी आणि पुढे १९२.१६८ असे आकडे दिसतात ना? ब्राउझर असल्या साध्या पत्त्यावरच्या पानाला कॅमेरा किंवा माईक देतच नाहीत. एचटीटीपीएस हवं, म्हणजे शेवटी एस असलेलं. अपवाद फक्त लोकलहोस्टचा, म्हणजे सर्व्हर ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावर बसून उघडलेलं पान. म्हणून तिथे चालतं आणि बाकी तिन्हीकडे नाही.

उपाय सॉफ्टवेअरवाल्यांनी करायचा आहे. आतल्या नेटवर्कसाठी सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी फाईल, बनवायचं, सर्व्हरला लावायचं, आणि चारही संगणकांवर ते विश्वासू म्हणून नोंदवायचं. जाणकाराला फार वेळ लागत नाही. कोणी सांगेल की ब्राउझरच्या आडव्यातिडव्या सेटिंगमध्ये जाऊन "हा असुरक्षित पत्ता सुरक्षित समज" असं करता येतं. करता येतं, पण करू नका. तसंही, एचटीटीपीवर आज तुमचे चेहरेच काय, पासवर्डसुद्धा वायफायवरून उघडे फिरताहेत. वायफाय पेशंटांनाही दिलेलं असेल तर ते आधी वेगळं करा.

सर्टिफिकेट लागलं की एक चाचणी घ्या, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोटो असलेली नोंद उघडा, आणि लगेच दुसरी, मग तिसरी, भराभर. नाव बदललं आणि चेहरा क्षणभर आधीच्याच माणसाचा राहिला, असं दिसतं का ते बघा. नाव लवकर येतं, चित्र मागून येतं, आणि मधल्या काळात सॉफ्टवेअरने चौकट रिकामी केली नाही तर काकांच्या नावाशेजारी पुतण्याचा चेहरा दिसतो. नेटवर्क मंद असलं की तो क्षण चांगला लांबतो. नोंद बदलताच चौकट आधी कोरी व्हायलाच हवी. याच जातीची दुसरी चूक: नवा फोटो काढला तरी जुनाच दिसत राहतो, कारण ब्राउझरने जुना जपून ठेवलेला असतो आणि फाईलचं नाव बदललेलं नसतं. प्रत्येक नव्या फोटोला नवं नाव दिलं की हे जातं.

आणि कधीतरी सॉफ्टवेअर बदलाल, तेव्हा फोटो सोबत येतात का तेही आत्ताच लेखी विचारून ठेवा. नोंदींच्या देवाणघेवाणीचं फायर नावाचं जे मानक आहे, त्यात पेशंटच्या नोंदीतच फोटोसाठी जागा ठेवलेली आहे. त्यामुळे "तशी सोय नसते" हे उत्तर चालवून घेऊ नका.

काउंटरपलीकडून

ताई, त्या मुलीला एक गोष्ट आजच सांगून ठेवा. कधीतरी पेशंट समोर येईल आणि स्क्रीनवरचा चेहरा त्याचा नसेल. पहिली ऊर्मी येते ती "अरे, फोटो चुकीचा लागलाय" म्हणून नवा काढायची. तसं करायचं नाही. बहुतेक वेळा फोटो बरोबर असतो आणि आपण उघडलेली नोंद चुकीची असते. आधी जन्मतारीख विचारायची. फोटो बदलायचा हक्क आमच्याकडे काउंटरला आहे, पण जुना पुसायचा नाही. तो तारखेसकट आणि कोणी बदलला त्या नावासकट मागे राहतो.

नोंदवही

सर्टिफिकेट लागलं, काउंटरवर कॅमेरा उघडला. भराभर नोंदी बदलून बघितल्या. पहिल्या दोन संगणकांवर ठीक, पण तिसऱ्या संगणकावर, जो वायफायवर आहे, चेहरा खरंच मागे रेंगाळला. व्हिडिओ काढून सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवलाय (नोंदी खोट्या, चेहरे आमच्याच स्टाफचे). ते दुरुस्त करून देईपर्यंत तो संगणक केबलवर घेतलाय आणि त्यावर औषध लिहायचं बंद ठेवलंय. धाकट्या डॉक्टरांनी कागदी पट्ट्यांचा गठ्ठा मागवला. काका काल येऊन फोटो देऊन गेले, पुतण्या सोमवारी येणार आहे.